शेततळ्यातील मासे आणि पाण्यातील नायट्रेट

मराठवाड्यात शेततळ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाल्यानंतर परभणी जिल्ह्यात जिंतूर, सेलू, मानवत, पाथरीपासून गंगाखेड, पालमपर्यंत गावोगावी तळी दिसू लागली. तळे खोदले, अस्तराचा कागद अंथरला, पाणी भरले की पुढचा विचार साहजिकच येतो, तो म्हणजे यात मासे सोडावेत काय? कटला, रोहू, मृगळ यांचे बोटुकलीच्या आकाराचे बीज सोडून अनेक शेतकरी बंधूंनी चांगले उत्पन्न घेतलेही आहे. ज्या जिल्ह्यात एका धरणाचे नावच मासोळी आहे तेथे मासा काही नवखा नाही.

परंतु नेहमी दिसणारे एक चित्र असे असते. पावसाळ्यात व हिवाळ्यात मासे उत्तम वाढतात. फेब्रुवारी संपता संपता ते खाद्य कमी खाऊ लागतात. पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करतात. पाणी गर्द हिरवे होते. शेतकरी विहिरीचे पाणी सोडतो, चुना टाकतो, कोणी सांगितले म्हणून गूळ टाकतो आणि एखाद्या सकाळी मेलेले मासे काठाला लागतात. 'उन्हाने मेले' असे म्हणून विषय संपतो. ऊन कारणीभूत असतेच, पण खरे कारण बहुधा पाण्यात साठलेल्या नत्रात असते. हे नत्र कोठून येते, पाण्यात त्याचे काय होते, आणि नायट्रेटच्या रूपात साठल्यावर त्याची विल्हेवाट कशी लावावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

नत्र येते ते खाद्याच्या पोत्यातून

पिकाला युरिया देताना आपण नत्राचा हिशेब करतो. माशाला खाद्य देताना मात्र तो करत नाही. वास्तविक खाद्यातील प्रथिने म्हणजे नत्रच होय. प्रथिनांच्या वजनाला ६.२५ ने भागले की नत्राचे वजन मिळते. शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा समप्रमाणात मिसळून दिल्यास त्या मिश्रणात साधारण २८ टक्के प्रथिने असतात. म्हणजे एक किलो खाद्यात सुमारे ४५ ग्रॅम नत्र झाले. यापैकी माशाच्या अंगी लागते ते जेमतेम पाव ते तीस टक्के. उरलेले कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपाने, विष्ठेतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून पाण्यातच राहते.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. ३० × ३० × ३ मीटरचे, एकास एक उताराचे शेततळे काठोकाठ भरले तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. त्यात एक हजार मासे आहेत आणि मार्च महिन्यात सरासरी वजन अर्धा किलो झाले आहे असे समजा. एकूण ५०० किलो मासा झाला. वजनाच्या दीड टक्का दराने रोज साडेसात किलो, महिन्याला २२५ किलो खाद्य लागते. त्यात १० किलो नत्र असते. त्यातील सुमारे ७ किलो पाण्यात जाते. म्हणजे महिन्याला १५ किलो युरिया, अर्थात ४५ किलोच्या गोणीचा तिसरा हिस्सा, आपण स्वतःच्या हाताने तळ्यात ओतत असतो.

या ७ किलो नत्राचे पूर्णपणे नायट्रेट झाले तर ते ३१ किलो भरते. तळे भरलेले असेल तर पाण्यातील नायट्रेट महिन्याला लिटरमागे १४ मि.ग्रॅ. ने वाढेल. पण मार्च-एप्रिलमध्ये परभणीत भरलेले तळे कोणाचे असते? निम्मे पाणी पिकाला गेलेले, काही बाष्पीभवनाने उडालेले. तळाशी एक मीटर पाणी उरले तर ते फक्त सव्वासहा लाख लिटर भरते. त्यात तेच ३१ किलो मिसळले की वाढ लिटरमागे १४ ची ५० मि.ग्रॅ. होते. मासे तेच, खाद्य पावसाळ्याच्या कितीतरी पट जास्त आणि पाणी चौथ्या हिश्श्याच्या आसपास, असे उन्हाळ्यातील संकटाचे गणित आहे. प्रत्यक्षात काही नत्र शेवाळ खाते, काही गाळात बसते, काही हवेत जाते, त्यामुळे तपासणीत आकडा यापेक्षा कमी येतो. पण ओतलेले नत्र किती ते यावरून समजावे.

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट

माशाने टाकलेला अमोनिया पाण्यात तसाच राहत नाही. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. जमिनीत युरिया टाकल्यावर जे घडते तेच येथे घडते. हे जीवाणू पाण्यात तरंगत नसून मुख्यतः पृष्ठभागाला चिकटून राहतात. तळ्याच्या कागदावर जो बुळबुळीत थर बसतो त्यात त्यांची वस्ती असते. हंगामाच्या मध्यात तो थर घासून काढण्याचा उत्साह काही जण दाखवतात. तो टाळावा. नवीन किंवा नुकत्याच धुतलेल्या तळ्यात ही वस्ती बसायला तीन ते सहा आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीच्या काळात खाद्य हात राखूनच द्यावे.

या तीन पदार्थांपैकी माशाला मारणारे पहिले दोन आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. कटला-रोहूसारखे गोड्या पाण्यातील मासे लिटरमागे शंभर मि.ग्रॅ. नायट्रेटही काही काळ सोसतात. मग नायट्रेटची चिंता कशाला करावयाची? दोन कारणांसाठी. एक म्हणजे ते दुकानदाराच्या खातेवहीतील उधारीसारखे असते. आजवर किती खाद्य वाया गेले हे तो आकडा सांगतो. दुसरे म्हणजे ते शेवाळाचे खत आहे. नायट्रेट वाढले की पाणी गर्द हिरवे होते. हे शेवाळ दिवसा प्राणवायू देते, पण रात्री माशांबरोबर तेही प्राणवायू वापरते. म्हणून मासे वर येतात ते पहाटे. आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिले आणि शेवाळ एकदम मेले, तर ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो आणि अमोनिया पुन्हा मोकळा होतो.

पाण्याचा हिरवेपणा मोजण्यासाठी उपकरण नसले तरी चालते. दुपारच्या वेळी हात सरळ पाण्यात कोपरापर्यंत बुडवावा. तळहात अंधुक दिसत असेल तर पाणी योग्य आहे. मनगट बुडताच तळहात दिसेनासा झाला तर त्या दिवसापासून खाद्य निम्मे करावे व शेण किंवा खत टाकणे पूर्ण बंद करावे. पाणी स्वच्छ होईपर्यंत रोज पाहावे.

अमोनियाचे विष सामूवर अवलंबून असते, हे फार थोड्यांना माहीत असते. २८ अंश तापमानाला पाण्याचा सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला की साडेसहा टक्के आणि ९ झाला की चाळीस टक्के अमोनिया विषारी होतो. आपल्या विहिरींचे पाणी मुळातच विम्लधर्मी असते. त्यात गर्द हिरव्या तळ्यात दुपारी तीन-चारच्या सुमारास सामू ९ च्या पुढे जातो. सकाळी सामू पाहून 'ठीक आहे' म्हणणाऱ्याची येथे फसगत होते. तपासणी सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा करावी.

चुना आणि गूळ

मासे वर आले की चुना टाकावा, हा सल्ला गावोगावी दिला जातो. तो चांगला सल्ला आहे, पण भलत्या वेळी दिलेला. कळीचा किंवा विरी गेलेला चुना पाण्याचा सामू एकदम वाढवतो. पाण्यात अमोनिया साठलेला असताना असा चुना टाकला तर वरच्या परिच्छेदातील हिशेबाप्रमाणे सौम्य अमोनियाचे विषात रूपांतर होते. आजारी माशाला आपण शेवटचा धक्का देतो. चुना तळे भरण्यापूर्वी, तळाच्या तयारीसाठी वापरावा.

पाण्याला चुन्याची गरज भासते ती वेगळ्या कारणाने. अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्यातील क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, खर्च होते. एक ग्रॅम नत्रासाठी ही ताकद सुमारे ७ ग्रॅम चुनखडीइतकी खर्च होते. बेसाल्ट खडकातील विहिरीच्या पाण्यात ही शिल्लक भरपूर असते. पण केवळ पावसाच्या पाण्यावर भरलेल्या, कागदाच्या तळ्यात ती फारच कमी असते, कारण पाण्याचा मातीशी संबंधच येत नाही. अशा तळ्यात काही महिन्यांनी सामू ७ च्या खाली घसरतो, जीवाणूंचे काम थंडावते आणि अमोनिया वाढू लागतो. तेथे चुनखडीची किंवा डोलोमाइटची बारीक भुकटी थोडी थोडी द्यावी. तिने सामू एकाएकी वाढत नाही.

गुळाविषयी. बायोफ्लॉक टाक्यांचा बोलबाला झाल्यापासून तळ्यात गूळ किंवा मळी टाकण्याची पद्धत पसरली आहे. तत्त्व खरे आहे. कर्बोदके मिळाली की पाण्यातील जीवाणू अमोनिया खाऊन स्वतः वाढतात. परंतु एक किलो नत्र असे बांधून ठेवण्यासाठी सुमारे २० किलो कर्बोदके लागतात. आपल्या वरील उदाहरणात रोज पाव किलोच्या आसपास नत्र पाण्यात जाते, म्हणजे रोज साडेचार-पाच किलो गूळ हवा. शिवाय हे वाढणारे जीवाणू प्राणवायू खातात. रात्रभर हवा देणारे यंत्र चालू असेल तरच हा उपाय करावा. शेतीपंपाची वीज जेथे पाळीने येते आणि सौरपंप सूर्याबरोबर मावळतो, तेथे संध्याकाळी गूळ टाकून झोपी जाणे म्हणजे पहाटे मेलेले मासे गोळा करण्याची तयारी होय. वीज नसलेल्या तळ्यावर गूळ टाकूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कल्ले उघडून पाहिल्यास लालभडक न दिसता चॉकलेटसारखे तपकिरी दिसले, तर नायट्राइटची बाधा समजावी. नायट्राइट रक्तातील लाल द्रव्याला निकामी करते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. यावर साधे मीठ हा उतारा आहे, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. नायट्राइट-नत्राच्या दहा ते वीसपट क्लोराइड पाण्यात असावे. लिटरमागे २ मि.ग्रॅ. नायट्राइट-नत्र असेल तर ४० मि.ग्रॅ. क्लोराइड हवे. सव्वासहा लाख लिटर पाण्याला हे सुमारे ४२ किलो मीठ होते. पण आपल्याकडील अनेक विहिरींच्या पाण्यात इतके क्लोराइड आधीच असते, तेथे मीठ टाकण्याचे कारण नाही. हेच पाणी पुढे काळ्या जमिनीत जाणार आहे आणि सोडियमने काळी जमीन चोपण होते. म्हणून आधी पाणी तपासावे, मगच मिठाची पिशवी फोडावी.

पाणी बदलले तरी आकडा का उतरत नाही?

शहरात काही हौशी मंडळी घरात काचेच्या पेटीत समुद्राचे खारे पाणी तयार करून रंगीत मासे व प्रवाळ पाळतात. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी सहलीत पाहिले असेल त्यांना अशा पेट्यांची कल्पना येईल. या मंडळींचे नायट्रेटशी कायमचे भांडण असते, कारण प्रवाळ व समुद्रफुले हे जीव थोड्याशा नायट्रेटनेही खंगतात. त्यांचे उपाय पाहण्यासारखे आहेत. खाद्य चिमटीने मोजून द्यावे. पेटीच्या तळाशी वाळूचा जाड थर ठेवावा, म्हणजे त्याच्या खोलवरच्या, प्राणवायू नसलेल्या भागात जीवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. शेजारच्या पेटीत समुद्री शेवाळ वाढवून ते वेळोवेळी काढून टाकावे. आणि ठरावीक दिवसांनी काही पाणी काढून तेवढे नवे घालावे.

यातील वाळूच्या थराचे काम मातीच्या जुन्या तलावात गाळ करीतच असतो. कागदाच्या तळ्यात मात्र माती नसते, म्हणून तेथे नायट्रेट अधिक साठते. राहिला पाणी बदलण्याचा उपाय. येथे पेटीवाला आणि शेततळेवाला दोघेही एकच चूक करतात. नव्या पाण्यात किती नायट्रेट आहे हे ते पाहत नाहीत.

तळ्यात लिटरमागे ८० मि.ग्रॅ. नायट्रेट आहे व विहिरीत २० आहे असे समजा. तळ्याचे पाव पाणी काढून विहिरीचे भरले तर आकडा ६५ वर येतो. पण विहिरीतच ७० असेल तर तेवढीच मेहनत, तेवढीच वीज खर्चून आकडा ८० चा साडेसत्त्याहत्तर होतो. आणि विहिरीत शंभर असेल तर पाणी बदलल्याने तळे बिघडते. हे काल्पनिक संकट नव्हे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालानुसार महाराष्ट्रातील तपासलेल्या भूजल नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेट ४५ मि.ग्रॅ. या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. ज्या जिल्ह्यांत हे प्रमाण देशात सर्वाधिक आढळले त्या यादीत आपल्या शेजारचे नांदेड व बीड आहेत.

पावसाच्या पाण्यात नायट्रेट नगण्य असते. म्हणून तळे पावसाच्या वाहत्या पाण्यावर भरता आले तर उत्तम. मात्र जूनमधील पहिल्या एक-दोन सरींचे पाणी तळ्यात घेऊ नये. उन्हाळभर जमिनीत तयार झालेले नायट्रेट आणि गोठ्या-उकिरड्याची घाण या पाण्याबरोबरच वाहून येते.

तपासणीचा कागद हाती आला की त्यावर काय लिहिले आहे ते नीट वाचावे. काही प्रयोगशाळा 'नायट्रेट' लिहितात, काही 'नायट्रेट-नत्र' लिहितात. दुसऱ्या आकड्याला ४.४३ ने गुणले की पहिला मिळतो. १० मि.ग्रॅ. नायट्रेट-नत्र म्हणजे ४५ मि.ग्रॅ. नायट्रेट होय. बाजारातील रंगपट्ट्यांच्या डबीवरही हाच घोळ असतो. १२ आकडा पाहून निश्चिंत झालेल्या माणसाच्या पाण्यात प्रत्यक्षात ५३ असू शकतात.

तळ्याचे पाणी पिकाला द्यावे

काचेच्या पेटीवाल्याला काढलेले पाणी मोरीत ओतावे लागते, कारण ते खारट असते. शेतकऱ्याची गोष्ट वेगळी आहे. नायट्रेट हे पिकाचे तयार अन्न आहे. एका एकराला पाच सेंटिमीटर पाणी दिले तर सुमारे दोन लाख लिटर पाणी लागते. त्या पाण्यात लिटरमागे ४५ मि.ग्रॅ. नायट्रेट असेल तर एका पाळीत २ किलो नत्र, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास युरिया, पिकाला फुकट मिळतो. ९० मि.ग्रॅ. असेल तर ४ किलो नत्र. गव्हाला सहा पाळ्या दिल्या तर २४ किलो नत्र पाण्यातूनच गेले. बागायती गव्हाला हेक्टरी १०० ते १२० किलो, म्हणजे एकरी ४० ते ४८ किलो नत्राची शिफारस आहे. जवळजवळ निम्मी गरज येथेच भागते.

हा हिशेब शेततळ्याला लागू आहे तसाच नायट्रेटयुक्त विहिरीलाही लागू आहे. तरीसुद्धा आपण पूर्ण मात्रा वरून देतोच. जादा नत्र जमिनीत टिकत नाही. काळी माती अमोनियाला धरून ठेवते, पण नायट्रेटला धरत नाही. ते पाण्याबरोबर मुरमापर्यंत आणि तेथून पुन्हा विहिरीत उतरते. मग तेच पाणी पुन्हा तळ्यात येते. म्हणून ज्यांच्या विहिरीत किंवा तळ्यात नायट्रेट जास्त आहे त्यांनी युरियाचा दुसरा हप्ता पहिल्या वर्षी चौथाईने कमी करून पाहावा, पिकाचा रंग पाहावा आणि माती परीक्षणाच्या आधारे पुढील वर्षी ठरवावे. सगळा युरिया एकदम बंद करण्याचा धाडसी प्रयोग करू नये.

पाणी काढताना तळाचे काढावे. पंपाचा फुटबॉल तळाजवळ ठेवला, पण गाळात रुतू दिला नाही, तर सर्वात जास्त नत्र असलेले पाणी शेतात जाते. ठिबकवर हे पाणी घेणार असाल तर वाळूची गाळणी चांगली हवी, नाहीतर शेवाळाने तोट्या बंद पडतात. उन्हाळ्यात तळे रिकामे झाल्यावर निघणारा गाळ कागदाला धक्का न लावता काढून कंपोस्ट खड्ड्यात टाकावा.

मासे दोनदा विकावेत

वरील सर्व उपायांपेक्षा परिणामकारक आणि पैसे देणारा उपाय म्हणजे माशांची विक्री दोन टप्प्यांत करणे. सर्व मासे मोठे होईपर्यंत थांबावे, मे महिन्यात एकदम काढावेत, असा अनेकांचा बेत असतो. पाणी मात्र जानेवारीपासूनच उतरू लागते. डिसेंबर-जानेवारीत जाळे टाकून मोठे मासे काढून विकावेत आणि निम्मेच मागे ठेवावेत. त्यामुळे खाद्य निम्मे होते, नत्र निम्मे होते आणि उरलेले मासे झपाट्याने वाढतात. एक मीटर पाण्यात ५०० किलो मासा हवेच्या यंत्राशिवाय ठेवणे हा जुगार आहे.

खाद्य देताना ते पाण्यात भिरकावू नये. सच्छिद्र पोत्यात किंवा ताटलीत ठेवून ती बांबूला बांधावी व दोन तासांनी उचलून पाहावी. खाद्य शिल्लक असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी द्यावे. पहाटे मासे वर दिसले तर त्या दिवशी खाद्य अजिबात देऊ नये. मासा चार दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही. पंप चालू करून तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्याने तळ्यात पाडावे. वीज रात्री बाराच्या पुढे मिळत असेल तर हे काम पहाटेपर्यंत करावे, दुपारी करून उपयोग नाही.

घराच्या विहिरीकडेही पाहावे

शेततळे, गोठा, उकिरडा, शौचालयाचा खड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर या पाचही गोष्टी अनेकदा एकाच कोपऱ्यात असतात, कारण वीज आणि रस्ता तेथेच असतो. कागद फाटला किंवा तळे ओसंडून वाहू लागले की नायट्रेटचे पाणी त्या विहिरीकडे जाते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांतून पहिला पाऊस थेट खाली उतरतो, त्याच्याबरोबर उकिरड्यातील नत्रही.

माशाचे कल्ले ज्या कारणाने तपकिरी होतात त्याच कारणाने तान्ह्या मुलाचे ओठ व नखे निळसर पडू शकतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५ साली हे प्रथम दाखवून दिले. शेतावरील उथळ विहिरींचे पाणी घालून केलेले दूध पाजलेल्या तान्ह्या बाळांना हा विकार झाला होता आणि त्या विहिरींत नायट्रेट फार होते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला याचा धोका सर्वात जास्त असतो. आईच्या दुधावर असलेल्या बाळाला ही भीती नसते. वरचे दूध किंवा पावडरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवले जात असेल तर ते पाणी आधी तपासलेले असलेच पाहिजे. ४५ मि.ग्रॅ. ही भारतीय मानकातील मर्यादा आहे आणि तिला कोणतीही सवलत नाही.

पाणी उकळले की शुद्ध झाले, अशी आपल्या घरोघरी समजूत आहे. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. तुरटी व टीसीएल पावडरीनेही ते जात नाही. आरओ यंत्राने बरेचसे कमी होते, परंतु त्यातून बाहेर टाकले जाणारे पाणी विहिरीजवळ सोडू नये. जास्त नायट्रेट आढळल्यास बाळाच्या दुधासाठी दुसऱ्या, तपासलेल्या उद्भवाचे पाणी आणावे. बाळाचे ओठ निळे दिसल्यास घरगुती उपाय करीत न बसता लगेच दवाखान्यात न्यावे.

जनावरांविषयीही काळजी घ्यावी. गाई-म्हशींच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते. पावसाने ताण दिलेली, पण युरिया भरपूर दिलेली ज्वारी किंवा मका हिरवी कापून घातली आणि वर पाणीही नायट्रेटचेच पाजले, तर दोन्हीकडून भर पडते.

पाणी तपासणीसाठी नमुना वर्षातून दोनदा घ्यावा. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर. पंप दहा मिनिटे चालू ठेवून मग एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळून भरावी. बाटलीवर गाव, गट क्रमांक, विहीर किंवा तळे, तारीख व वेळ लिहावी. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पोचवावी, कारण उन्हात राहिलेल्या बाटलीत जीवाणू नत्राचे रूप बदलून टाकतात आणि अहवाल चुकतो. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाल्यापासून अनेक ग्रामपंचायतींकडे पाणी तपासणीचे संच दिलेले आहेत. प्राथमिक अंदाज त्यावर घेता येतो. तळ्याचा नमुना मात्र काठाचा घेऊ नये. मध्यभागी, हातभर खोल बाटली बुडवून भरावी, आणि विहिरीची बाटली त्याच दिवशी सोबत द्यावी.